तारीख चुकली, तिथी बरोबर होती

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. वय ४७. घरात सासूबाई आहेत, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. वय ७२ धरा, कारण खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण घराचा सगळा कारभार त्यांच्या तोंडावर असायचा. कुणाची उसनवारी किती, कोणत्या म्हशीला कितवा महिना, पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे घालून सोयाबीनचं बी किती उगवतंय, सगळं त्याच बघायच्या. माहेर बसवकल्याणकडचं, त्यामुळं कानडीही अस्खलित. भावाशी फोनवर कानडीत तास-तास बोलायच्या, आता तेही कमी झालंय.

दिवाळीपासून त्या विसरायला लागल्यात. पाहुण्यांची नावं येत नाहीत. दूध गॅसवर ठेवून ओसरीत गप्पा मारत बसतात. "आज बाजार हाय का?" हे एका सकाळी तीन-चारदा विचारतात. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी ऐकतात. रात्री झोप नाही म्हणून मेडिकलवरून गोळी आणून घेतात आणि दुपारभर पेंगतात. पायाला मुंग्या येतात म्हणतात. साखरेच्या गोळ्या बारा वर्षांपासून चालू आहेत. माळकरी आहेत. संक्रांतीच्या सुमारास न्हाणीत घसरल्या, डोक्याला टेंगूळ आलं होतं, हळद लावल्यावर बसलं. पण त्र्याण्णवच्या भूकंपाची रात्र विचारा, कोण कुठल्या माळवदाखाली सापडलं ते नावानिशी सांगतात. न विचारताही सांगतात.

तालुक्याला एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तारीख विचारली, शंभरातून सात वजा करायला सांगितलं, कागदावर घड्याळ काढायला लावलं. आत्याबाईंनी पेन हातातच घेतला नाही. तारखेला म्हणाल्या, "चैत्र वद्य आष्टमी हाय की आज." घरी येऊन मी कॅलेंडर पाहिलं, अष्टमीच होती. डॉक्टर म्हणाले, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, वय झालं. यजमान म्हणतात, साठी बुद्धी नाठी, चालायचंच. धाकटे दीर म्हणतात, डोकं जागेवर आहे तोवर वाटणीपत्रावर अंगठा घेऊन टाकू. आम्ही गॅस, पैसे, बी-बियाणं सगळं त्यांच्या हातून काढून घेतलंय. त्या दिवसभर खाटेवर बसून असतात.

आणि खरं सांगू का, मला माझीही भीती वाटते. मी फ्रिज उघडून उभी राहते आणि काय घ्यायला आले तेच आठवत नाही. ३६ व्या वर्षी माझी पिशवी काढली. माझंही आत्तापासूनच सुरू झालं का?

एक सून


उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती आणि पाच ठिकाणी रेघ ओढली: टीव्हीचा आवाज, मेडिकलवरची गोळी, पायातल्या मुंग्या, न्हाणीतलं पडणं आणि "आज बाजार हाय का". या पाचही गोष्टी तुम्ही जाता जाता सांगून टाकल्यात. मला मात्र निम्मं उत्तर तिथंच दिसतंय.

पण आधी तिथीचं बोलू द्या, कारण ते वाचून मला राहवलं नाही.

डॉक्टर तारीख विचारतात ती कशासाठी? माणसाला काळाचं भान आहे का, हे बघायला. ज्या बाईनं जन्मभर एकादशा धरल्या, अमावस्येला औत धरू दिलं नाही, चंद्र बघून महिना मोजला, तिनं अष्टमी सांगितली आणि ती बरोबर निघाली. म्हणजे काळाचं भान शाबूत आहे. इंग्रजी तारखेवर त्यांचा दिवस कधी चाललाच नाही. घड्याळ काढणं, सात-सात वजा करत जाणं, हे प्रश्न शाळा शिकलेली माणसं डोळ्यांसमोर ठेवून परदेशात तयार झाले. कधी पेन न धरलेल्या बाईला घड्याळ काढायला लावलं, तर आपण तिची शाळा तपासतो. तिचा मेंदू तपासायचा राहूनच जातो. ही अडचण ओळखून नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न शिकलेल्या वृद्धांसाठी हिंदीतून वेगळी प्रश्नावली बसवली. लिहिण्या-वाचण्यावाचून अडणार नाही अशी. तेव्हा त्या दिवशीचा निकाल बाजूला ठेवा. तो खोटाच आहे असं मी म्हणत नाही. निकाल अजून लागायचा आहे, एवढंच म्हणते.

आता यजमानांच्या म्हणीकडे येते. वयानं मेंदू बदलतो, यात शंका नाही. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा. चाळिशीनंतर तो हळूहळू आक्रसतो, दर दहा वर्षांत सुमारे पाच टक्के, आणि सत्तरीपुढे जरा जास्त वेगानं. रोज हजारो पेशी मरतात म्हणून असं होतं, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. नीट मोजल्यावर कळलं की निरोगी म्हातारपणात बहुतेक पेशी जागेवरच राहतात. त्यांच्या फांद्या मात्र विरळ होतात, एकमेकींशी असलेले जोड कमी होतात. बाभळीचं झाड उभंच असतं, फक्त डहाळ्या उतरतात, तसं. शिवाय मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं, त्याच्यामुळं निरोप झपाट्यानं धावतो. ते आवरण पातळ झालं की निरोप पोचतो, पण रमतगमत.

हा बदल सगळीकडे सारखा होत नाही. कपाळामागचा भाग लवकर थकतो. दोन गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवणं हे त्याचं काम. दूध उतू जाण्याचं मूळ तिथं आहे: गप्पा आणि गॅस, दोन्ही एकदम सांभाळणं सत्तरीत जड जातं. कानशिलांच्या आत, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा वळणदार भाग असतो. नवी आठवण आधी तिथं नोंदवली जाते. तोही आक्रसतो. म्हणून कालची गोष्ट निसटते आणि नाव जिभेवर येऊन अडतं. नावाचं तर विशेषच आहे. बाकी प्रत्येक गोष्टीला आठवणीची खुंटी असते. "तो उजनीचा, ज्याच्या लेकीच्या लग्नात मांडव उडाला", एवढं सगळं आठवतं. पण त्याचं नाव कुठल्याच खुंटीला अडकवलेलं नसतं, म्हणून पहिलं तेच गळतं. पाहुणा गेल्यावर संध्याकाळी चहा पिताना नाव आपोआप आठवलं, तर काळजी सोडा.

पण म्हणीत जे येत नाही ते असं की त्याच मेंदूत काही गोष्टी वाढतही असतात. अमेरिकेतल्या जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि लॉरा जर्माइन या संशोधकांनी २०१५ मध्ये हजारो माणसांच्या चाचण्या ताडून दाखवलं की बुद्धीचं शिखर एकच नसतं. झटपट विचार करण्याचा वेग विशीच्या आसपासच सर्वांत जास्त असतो. शब्दांचा साठा मात्र साठीच्या अखेरीपर्यंत, सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत वाढत राहतो. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. रोबेर्तो काबेसा यांनी तरुण आणि वृद्धांचे मेंदू काम करताना तपासले. तरुण माणूस जे काम कपाळामागच्या एका बाजूनं उरकतो, तेच काम चांगली आठवण असलेली म्हातारी माणसं दोन्ही बाजू जुंपून करत होती. एका बैलाला ओढेना तेव्हा दुसरा जोडला आणि तास पुरा केला. बुद्धी नाठी म्हणजे बुद्धी पळून गेली. इथं तर ती जास्तीचा बैल जुंपून रानातच उभी आहे.

आपल्या देशात ६० वर्षांपुढच्या माणसांची मोठी पाहणी झाली. तिचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा की शंभरातल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे. म्हणजे नव्वदाहून जास्त जणांना नाही. आणि त्या सातांनाही तो "वय झालं" म्हणून होत नाही, आजार म्हणून होतो. म्हणून "चालायचंच" हा शब्द मला दोन्ही बाजूंनी खुपतो. चांगल्या माणसाला तो उगाच मोडीत काढतो, आणि खरोखर आजारी असलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ देत नाही.

भूकंपाचं तुम्ही लिहिलंत, त्यावर जरा थांबते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, माणसं दमून झोपलेली. किल्लारी-सास्तूर पट्ट्यातल्या माणसाला ती रात्र जन्मभर पुसता येणार नाही, आणि त्याला कारणही आहे. भीतीच्या वेळी मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग हिप्पोकॅम्पसला जणू बजावतो, हे घट्ट लिहून ठेव. पुढं ती आठवण वर्षानुवर्षं सांगून, झोपेत घोळून मेंदूच्या वरच्या थरात सगळीकडे पसरते आणि पक्की होते. एकदा तशी पक्की झाली की हिप्पोकॅम्पस थकला तरी ती जात नाही. त्यामुळं "तीस वर्षांपूर्वीचं आठवतं आणि सकाळचं नाही, म्हणजे सोंग असेल" असं कुणी म्हणत असेल, तर त्याला हे वाचून दाखवा. आणि आत्याबाई ती रात्र पुन्हा पुन्हा सांगतात तेव्हा दरवेळी ते विसरल्यामुळंच असतं, असं धरू नका. खाटेवर दिवसभर रिकामं बसलं की मन कुठंतरी जातंच. कधी शेजारी बसा आणि त्या माळवदाखाली गेलेल्यांबद्दल दोन प्रश्न तुम्हीच विचारा.

आता पेन्सिलीच्या रेघा.

सर्वांत आधी ते न्हाणीतलं पडणं. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला साधा मार लागला तरी कवटी आणि मेंदू यांच्यामधली बारीक शीर फुटू शकते. रक्त थेंबाथेंबानं साचतं, आठवडे-महिने. वरचं टेंगूळ बसतं, आत दाब वाढत राहतो, आणि माणूस सुस्त, विसरभोळा, कधी चालीत अडखळणारा होतो. संक्रांतीनंतर आत्याबाईंचं विसरणं वाढलं का, हे घरात सगळ्यांना विचारा. उत्तर "होय" असो वा "सांगता येत नाही", डोक्याचं सीटी स्कॅन करून घ्या. हे रक्त काढता येतं आणि माणूस पहिल्यासारखा होऊ शकतो. हळदीवर विसंबून हे राहू देऊ नका, ताई. पत्रातली ही एक ओळ मला सगळ्यांत जास्त टोचली.

मग पायाच्या मुंग्या. माळकरी बाई, मांस-अंडी वर्ज्य, आणि साखरेची गोळी बारा वर्षं. ती गोळी मेटफॉर्मिन असणार, गोळ्यांचं पाकीट बघून खात्री करा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की अन्नातलं बी-१२ अंगी लागणं कमी होतं. हे जीवनसत्त्व मिळतं फक्त प्राण्यांपासून आलेल्या अन्नातून, म्हणजे माळकऱ्याला दूध, दही, ताक एवढंच. भाकरी, वरण, भाजी, ठेचा यांत ते नाही. आणि घरोघरी काय चालतं ते आपल्याला माहीत आहे: दूध डेअरीला, उरलेलं लेकरांना, म्हातारीच्या वाट्याला चहात पडेल तेवढं. बी-१२ उतरलं की पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, माणूस चिडचिडा होतो. रक्ताची तपासणी साधी आहे, उपाय इंजेक्शन किंवा गोळ्यांचा. फार उशीर झाला तर मात्र नसांचं सगळं नुकसान भरून येत नाही, म्हणून पेरणी उरकल्यावर बघू म्हणू नका. त्याच वेळी थायरॉइड, सोडियम, मूत्रपिंड आणि साखर तपासून घ्या. साखर जास्त उतरत असेल तर त्यानंही डोकं गरगरतं, बोलणं भरकटतं.

मेडिकलवरची गोळी नेमकी कोणती ते मला कळायला मार्ग नाही. झोपेसाठी म्हणून सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या दिल्या जातात. त्या मेंदूतल्या असिटिलकोलिन या रसायनाला अडवतात, आणि आठवण नोंदवायला तेच लागतं. झोपेच्या खऱ्या गोळ्यांनी आठवण पुसट होते, शिवाय माणूस रात्री उठताना पडतो. पाकीट डॉक्टरांना दाखवा. रोजची सवय झालेली असेल तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका, ती हळूहळू उतरवावी लागते. वय वाढलं की गाढ झोप तशीही कमी होते. दुपारचं पेंगणं थांबलं आणि सकाळी ऊन अंगावर आलं, तरी रात्रीत पुष्कळ फरक पडतो.

आणि कान. टीव्हीचा आवाज म्हणजे कान उतरल्याची खूण. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं २०२४ मध्ये डिमेन्शियाला हातभार लावणारी, पण आपल्याला आवरता येण्यासारखी १४ कारणं मांडली. कमी ऐकू येणं हे त्यात वरच्या जागी आहे. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, एकटेपण, अधू नजर ही त्याच यादीतली. कान गेले की मेंदूची निम्मी ताकद शब्द ओळखण्यातच खर्च होते, लक्षात ठेवायला काही उरत नाही. शिवाय माणूस लाजून चारचौघांत बसणंच सोडतो. भावाचा फोन कमी झाला तो यामुळं तर नसेल? फोनवर ऐकूच येत नसेल तर कानडीत तरी काय बोलणार.

ती कानडी जपा, ताई. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन भाषा बोलणाऱ्यांना हा आजार एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता. न शिकलेल्या माणसांतही हा फरक दिसला, म्हणजे तो शाळेमुळं नव्हता. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत तो इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी सीमेवरच्या आपल्या गावांत घरात मराठी, माहेरी कानडी किंवा तेलुगू, बाजारात दखनी अशी जीभ फिरवत माणसं म्हातारी झाली. ती फुकटची तालीम आपण होऊन बंद का पाडायची? कानाची तपासणी करा, यंत्र लागलं तर घ्या, आणि भावाला महिन्यातून एकदा घरी बोलवा.

राहिला बाजाराचा प्रश्न. बाकी बऱ्याच गोष्टींचं कारण दुसरीकडे सापडू शकतं, पण एका सकाळी तेच तीन-चारदा विचारणं मी वयाच्या खात्यात टाकणार नाही. ऐकू न आल्यामुळंही तसं होऊ शकतं, म्हणून घरी एक करून बघा. टीव्ही बंद करा. त्यांच्या समोर बसा, चेहरा दिसू द्या, सावकाश सांगा, "आज बाजार नाही, उद्या आहे." मग त्यांच्याच तोंडून एकदा वदवून घ्या. तरीही दहा मिनिटांत तोच प्रश्न आला, तर वहीत दिवस टाकून लिहा. दोन आठवडे लिहा. ती वही डॉक्टरांना घड्याळाच्या चित्रापेक्षा जास्त सांगेल.

तिच्यात आणखी एक लिहा. यंदाच्या येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, भज्जी आणि आंबील कुणी केलं होतं? आत्याबाईंनी केलं असेल तर आठवून बघा: शेंगा, पालेभाज्या, बेसन, चिंच हे सगळं त्यांच्या क्रमानं पडलं का? पन्नास माणसांचा अंदाज बरोबर आला का? हाताखालचं काम अर्ध्यात अडणं, मीठ दोनदा पडणं, पाचशेची नोट आणि पन्नासची नोट यांतला घोळ, गावातल्याच बोळात वाट चुकणं, रोजच्या वस्तूंना शब्द न सापडणं, स्वभाव एकदम पालटणं, आठवण करून दिल्यावरही "असं काही झालंच नाही" म्हणणं, हे वयाचं नसतं. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं एक, आणि चष्मा पिठाच्या डब्यात सापडल्यावरही तो तिथं कसा गेला याचा काहीच माग न लागणं वेगळं.

आणि उन्हाळा चालू आहे म्हणून बजावते. एका-दोन दिवसांत अचानक बडबड, ओळख न लागणं, झोपेतच राहणं असं झालं, तर ते म्हातारपण समजू नका. पाणी कमी पडणं, लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं यांनी असं होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

या सगळ्यासाठी लातूरला शासकीय मेडिकल कॉलेजात न्या. तिथं मेडिसिन आहे, मानसोपचारही आहे. गोळ्यांची सगळी पाकिटं आणि ती वही पिशवीत टाका. आत्याबाईंशी कानडी-मराठी बोलणारं कुणी सोबत असू द्या. जाणं लांबत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर नीट टिपून घ्या, तो फुकट आहे. वृद्धांसाठीची एल्डर लाइन १४५६७.

एवढं करूनही अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, निघाला तर? निघू शकतो. १९०६ मध्ये अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका मृत बाईच्या मेंदूत गाठी आणि गुंतवळ दाखवून दिला, तोच हा आजार. तो बरा होत नाही. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ बरं वाटतं. पण तेव्हाही, आणि आत्ताही, तुम्ही एक केलंय ते मला बदलायला सांगायचं आहे. तुम्ही त्यांच्या हातून सगळं काढून घेतलंत.

मी हीच चूक केली आहे. माझे वडील लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर दिवाणजी होते. कीर्द-खतावणी तोंडात, पावकी-निमकी-सवायकी पाठ, औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तर झोपेतून उठवून विचारली तरी, "सात औट साडेचोवीस". शहात्तराव्या वर्षी त्यांचा हात मंदावला. बेरीज बरोबर यायची, फक्त वेळ लागायचा. भावानं वही काढून घेतली, म्हणाला आता आराम करा. मी डॉक्टर असून मान डोलावली. सहा महिन्यांत अण्णांना वार कळेना. मी घाबरून सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या. मग लक्षात आलं की त्यांचा वार तुरीच्या आवकेवरून ठरायचा, सौद्याच्या घंटेवरून ठरायचा. दिवस ओळखायची खूणच आम्ही नेली होती. आईनं त्यांच्यापुढं दूध, किराणा आणि लाइट बिलाची वही ठेवली. दहा ओळींची बेरीज करायला ते अर्धा तास घ्यायचे, बोटानं ओळ धरून, ओठ हलवत. आकडा पैशापर्यंत जुळायचा. महिनाभरात वार परत आला. त्यांना आजार नव्हता म्हणून ते सावरले. असता तर वहीनं तो थांबला नसता, हे मला ठाऊक आहे. पण आजार असतानाही ती अर्ध्या तासाची बेरीज त्यांचीच राहिली असती.

म्हणून गॅस जरूर सांभाळा, पण त्यांना स्वयंपाकघरातून उठवू नका. दूध तापवताना त्यांना तिथंच बसवा, तोवर गप्पा नकोत, एका वेळी एकच काम. पैशातले आठवडी बाजाराचे दोनशे रुपये त्यांच्या बटव्यात राहू द्या. आणि त्यांना चालवा. कर्क एरिक्सन यांच्या २०११ च्या अभ्यासात घरबशा वृद्धांना आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालायला लावलं. वर्षभरानं त्यांचा हिप्पोकॅम्पस आक्रसायच्या ऐवजी दोन टक्क्यांनी वाढलेला दिसला. सीटी स्कॅन झालं, तोल ठीक निघाला की उन्हं उतरल्यावर मारुतीच्या देवळापर्यंत नातवाचा हात धरून जाऊ द्या. शेतापर्यंत चालणारी बाई तुम्ही खाटेवर बसवलीत.

दिरांना सांगा, तपासण्या होईपर्यंत कुठल्याही कागदावर अंगठा नको. डोकं जागेवर असेल तर घाईचं कारण नाही, आणि नसेल तर घेतलेला अंगठा न्यायाचा नाही.

आता तुमचं. फ्रिजसमोर उभं राहून विसरणं हे आठवणीचं दुखणं नसतं, लक्ष पोचायच्या आधीच दुसरीकडे ओढलं गेलेलं असतं. सासू, शेत, लेकरं, डेअरी, दवाखाना, एका डोक्यात इतकं चालू असताना दही कुठं टिकणार? तुमच्या वयात पाळी जाण्याच्या सुमारास अनेक बायकांना असं धुकं जाणवतं. त्यात झोप मोडते, अंगातून वाफा निघतात. बहुतेकींचं ते पुढं निवळतं.

तुमच्या बाबतीत मात्र मला एक कागद बघायचा आहे. पिशवी काढली तेव्हा अंडाशयं ठेवली की तीही काढली? आपल्या भागात कमी वयात पिशवी काढण्याचं प्रमाण किती आहे, ते २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या निमित्तानं अख्ख्या राज्यानं पाहिलं, आणि मला त्याचा आजही संताप येतो. बायकांना सांगितलंच जात नाही की अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन मेंदूलाही लागतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २००७ मध्ये दाखवलं की पाळी जाण्याआधी अंडाशयं काढलेल्या बायकांना पुढं स्मृतीच्या तक्रारींचा धोका जास्त असतो. धोका जास्त म्हणजे होणारच असं नाही. जुना डिस्चार्ज कागद शोधा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोबत तुमचंही हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, रक्तदाब आणि साखर. आत्याबाईंना नेणार आहातच, त्याच फेरीत करा. स्वतःसाठी वेगळी फेरी तुम्ही करणार नाही, हे मला बायकांच्या तीस वर्षांच्या ओपीडीवरून माहीत आहे.

मृग महिन्याभरावर आलाय. यंदाचं सोयाबीनचं बी आत्याबाईंपुढं ठेवा, ओलं गोणपाट द्या आणि शंभर दाणे त्यांनाच मोजू द्या. मोजताना चुकल्या तर पुन्हा पहिल्यापासून मोजतील, मध्ये बोलू नका. सात दिवसांनी गोणपाट त्यांनीच उलगडायचं. मला लिहाल तेव्हा बी-१२ चा आकडा लिहा, स्कॅनमध्ये काय निघालं ते लिहा, आणि शंभरातले किती उगवले तेही.